शंभरातले सहा

— नाही नाही, त्या टबात नको, तो भांड्यांचा. हात धुवायचे तर बाहेर नळावर. आमच्यात भांड्यांचं पाणी वेगळं, हातापायांचं वेगळं, आणि ते एकात एक झालं तर माझी आई भांडंच फेकून द्यायची, नवं असलं तरी. तुम्हा भिंतीतल्या माणसांना वाटतं फिरस्ते म्हणजे घाण, आणि तुम्ही ज्या मोरीत नाक शिंकरता त्याच मोरीत बशा विसळता. असू दे. बस तिथे. कुत्र्याला भिऊ नको, तो फक्त पोलिसाला नि पाद्र्याला चावतो, विद्यापीठाच्या बाईचा वास त्याला माहीत नाही अजून. चहा घे. दूध डब्यातलं आहे, गोडच होणार. आणि तो कप जपून धर गं, त्याचा कान जुना आहे — कसला म्हणजे, सोनेरी काठाचा, दिसतंय ना. तर काय म्हणत होतीस. चौऱ्याण्णव. ही एकतीस पत्रं एकाच बाईने लिहिली, असं तुझं यंत्र शंभरात चौऱ्याण्णव वेळा म्हणतं, आणि ती बाई म्हणजे माझी आई, क्लेमी केल्बी, असं तू म्हणतेस, आणि आता मी नुसतं हो म्हणायचं. त्या कागदावर दोन चौकोन आहेत, एक होचा, एक नाहीचा. बरं. पण सही वगैरे मागू नको. मला लिहिता येत नाही. फुली मारीन.

थांब, परत समजावू नको, मीच सांगते, मला कळलं की नाही ते तू बघ. आमच्या बोलीत लेकराला बेअर्न म्हणतात. आईने एका पत्रात बारन लिहिलं, दुसऱ्यात बेरन, तिसऱ्यात ब्येर्न, एकात तर नुसतंच ब्रन — घाईत असेल, तंबू गळत असेल, कोण जाणे. तर तुझं यंत्र शब्दाचं मांस, म्हणजे काना-मात्रा, काढून टाकतं नि हाडं ठेवतं. मग मोजतं, की या सांगाड्याचा तो सांगाडा करायला किती हाडं हलवावी लागतील. एक हलवलं तर सख्खे, दोन हलवली तर चुलत, पाच हलवली तर ओळख ना पाळख. बरोबर? हसतेस काय, बरोबर आहे ना? मग. अगं मी अकरा वर्षांची होईस्तोवर शाळेत गेले, तेही वर्षाला दोनशे हजेऱ्या, सकाळची एक नि दुपारची एक धरून — फिरस्त्यांच्या पोरांना तेवढ्याच सक्तीच्या होत्या — पण बटाट्याच्या चाळणीवर मी बावीस हंगाम उभी राहिलेय. वर मोठे, मध्ये मधले, खाली बियाण्याचे. चाळण कशी चालते ते मला शिकवू नको. आणि चाळणीचं एक सांगते तुला, ती आकार बघते. बटाटा आतून सडलाय का हे चाळणीला कळत नाही, त्याला हात लागतो. म्हणून तर एवढ्या लांब आलीस ना तू, त्या खड्ड्याखड्ड्याच्या वाटेने, चांगले बूट घालून. तुला हात पाहिजे. कुणाचा तरी.

एकोणीस पत्रांत लेक्सी हे नाव, म्हणून वस्तीवस्तीवर लेक्सी शोधत फिरलीस. आठ लेक्सी झाल्या, मी नववी. त्या आठांनी चहा दिला का? नसेल दिला. विद्यापीठ म्हटलं की आमच्या बायका दार लावून घेतात. मागे एकजण आला होता, म्हाताऱ्यांची गाणी नेली पेटीत भरून, म्हणाला परत येतो. गाणी गेली नि तोही गेला. तू निदान कागद घेऊन आलीस, न्यायला नाही आलीस — असं तुला वाटतं. वाटू दे.

हां, ते सांग परत, ते तळघराचं. नाही, मला ऐकायचंय म्हणून. जिल्ह्याचं जुनं कार्यालय विकलं, तिथे आता हॉटेल होणार, आणि तळघरात खोका निघाला, वर लिहिलेलं — वाचता न येणारी, पाठवणारा अज्ञात. एकतीस कागद, एकतीस फायली. एकाही कारकुनाला एकतीस वर्षांत वाटलं नाही की हे एकच माणूस लिहितंय, कारण नाव दोनदा सारखं नाही. केल्बी, किल्बी, कोल्बी, केल्वी, एकदा तर कॅम्बेल. क्लेमी, क्लेमिना, टिना, मिना. पत्ता दर वेळी वेगळा, कधी अमक्या नदीचा पूल, कधी तमक्याचं बटाट्याचं शेत. आणि तू सगळं त्या यंत्रात घातलंस नि एका रात्रीत त्याने एकतीस बायांची एक बाई केली. हे सांगताना तुझे डोळे कसे लकाकले गं. मला राग नाही त्याचा. कामात जीव असलेलं माणूस मला आवडतं. माझा बाप पत्र्याच्या किटलीला तोटी बसली की असाच बघायचा, जसं काही मूल झालंय.

आण इकडे. नाही, चष्मा नको. अक्षर माहितीय मला — म्हणजे, बघून ठाऊक आहे. हे पहिलं असणार, अडुसष्टचं. "साहेब, माझं लेकरू एली, तुमच्याकडे आहे, आता सहा वर्षांचं झालं. त्याच्या छातीला हंसाची चरबी चोळा नि वर लोकरीचं फडकं बांधा. ते सांगणार नाही गार लागतं म्हणून. ते उजव्या कुशीवर झोपतं. त्याची आई बरी आहे म्हणून सांगा." बस, एवढंच. पुढच्या वर्षी सात वर्षांचं झालं, चरबी नि फडकं. मग आठ. मग नऊ. हे बघ, इथे सोळा, इथे तरी समजायला नको का माणसाला, सोळा वर्षांच्या पोरीला कुणी हंसाची चरबी — आणि हे शेवटचं, अठ्ठ्याण्णवचं, आता छत्तीस झाली असेल, तिला तिची लेकरं असतील, त्यांच्या छातीला चोळा. छत्तीस. दर वर्षी एलीच्या वाढदिवशी, रासबेरीचा हंगाम उतरला की, कागदावर कोपर टेकून बसायची, जीभ दातात धरून. एक पान लिहायला दोन दिवस. कुणी शिकवलं म्हणून विचारतेस? कुणी नाही. चहाच्या पुड्यावरची अक्षरं, रासबेरीच्या खोक्यावरच्या चिठ्ठ्या, माझं शाळेचं जुनं पुस्तक. कानाने लिहायची ती. जीभ जशी वळेल तसं. त्या दिवशी जीभ थकलेली असेल तर शब्दही थकलेला. तू त्याला वेगवेगळं लिहिणं म्हणतेस. मला विचारशील तर त्या बाईची तब्येत आहे ती.

तिचं दुसरं काही आहे का म्हणून मघाशी विचारलंस ना — वही, पाकीट, कॅलेंडरवर खरडलेलं, काही पण. काही नाही. जाळलं. तीन वर्षं झाली तिला जाऊन, नवव्या दिवशी तिची राहायची गाडी आम्ही त्या मागच्या माळावर ओढत नेली नि पेटवली. आतलं सगळं आत. अंथरुणं, कपडे, कागद, तिचा चष्मा. काचेचं जळत नाही म्हणून कपबश्यांचा संच हातोडीने फोडला, सोनेरी काठाचा, लग्नातला. अग्निशामकवाले आले, दंड करतो म्हणाले, माझा धाकटा भाऊ म्हणाला कर. आमच्यात तसंच. मेलेल्याची वस्तू मागे राहिली की ते माणूस तिला धरून बसतं, जात नाही पुढे. सगळं जळलं पाहिजे म्हणजे ते मोकळं नि आपण मोकळे. तुमच्यात उलटं. तुम्ही मेलेल्याचे दातसुद्धा काचेखाली ठेवता नि तिकीट लावता. आता मला सांग, आम्ही तिचा शेवटचा चमचा वितळवला, आणि इकडे त्या तळघरात ती एकतीस वेळा पडून होती. एकतीस जागी. म्हणजे गेलीच नव्हती ती.

कप काय बघतेस. पी की. हो, त्याच संचातला. एक राहिला. राहतो एखादा.

यंत्राने एक गोष्ट बरोबर पकडली, ती तुला कळलेली दिसत नाही. तुला वाटतं ती अडाणी होती म्हणून नाव धड लिहिता येत नव्हतं. बारन-बेरन, ते अडाणीपणाचं, कबूल. पण स्वतःचं नाव? अगं माझ्या आईने गाडीच्या दारावर खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. नाव ती मुद्दाम बदलायची. पोलीस विचारेल ते नाव आम्ही कधी देत नाही, दर गावाला वेगळं, ते आमच्या हाडात आहे. एलीला नेलं तेव्हा तिच्या पदरात अजून एक होती ना — मी. एकीला नेणारं सरकारी खातं दुसरीलाही नेईल. म्हणून पत्र धाडायचं पण माग लागू द्यायचा नाही. लेकरू मागायचं पण मी कोण ते सांगायचं नाही. मग उत्तर येणार कुठे? हा प्रश्न मी तिला एकदा विचारला. म्हणाली, उत्तर कुणाला पाहिजे, तिला चरबी चोळली म्हणजे झालं. तेव्हा बघ, एकतीस वर्षं एक बाई सरकारपासून लपून बसली, सरकारच्याच टेबलावर, आणि कुणाला सापडली नाही. तुझ्या यंत्राला सापडली. शाबास त्याची.

पेन खाली ठेव. हे लिहायचं नाही. मी तुला चहाबरोबर सांगतेय, कागदाबरोबर नाही.

एलीला का नेलं म्हणजे? खोकला होता म्हणून. तंबूत राहत होतो म्हणून. फिरस्ते होतो म्हणून, अजून काय कारण लागतं? पासष्टची थंडी सुरू होत होती. लहान मुलांचा छळ होऊ नये म्हणून नेमलेला एक माणूस असायचा, त्याला आम्ही छळवाला म्हणायचो. नुसतं नाव काढलं तरी पोरं झाडीत पळायची. आई बटाटे उकरायला गेलेली, बाप किटल्या विकायला. तंबूत मी सात वर्षांची, एली तीन वर्षांची, नि कुत्रं. त्या वर्षी मी पहिल्यांदा शाळेत नीट बसले होते. आमच्या बाई होत्या, मिस आर्बकल, त्यांच्याकडे दोन शेपट्यांचा चामडी पट्टा. बेअर्न म्हणालं की एक फटका, चाइल्ड म्हणायचं. आमच्या बोलीतला एक शब्द, एक फटका. बाकीची पोरं दोन वर्षं मार खात राहिली, मी सहा महिन्यांत शिकले. अशी स्वच्छ इंग्रजी बोलायला लागले की बाई मला पुढे उभी करायच्या, बघा, टिंकराची पोर असून — टिंकर म्हणजे आम्ही, पत्रा ठोकणारे फिरस्ते. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू. तर तो आला. बूट चकचकीत, हातात वही. ओरडला नाही, काही नाही. गोड बोलला. तुझ्यासारखाच. तुझं नाव काय बाळ, किती वाजता जेवता, ही कुठे झोपते. आणि मी पळाले नाही. मी उभी राहून, हात मागे बांधून, शाळेतल्यासारखी सगळी उत्तरं दिली. पूर्ण वाक्यात. माझी बहीण माझ्या नि कुत्र्याच्या मध्ये झोपते. तिला तीन आठवडे खोकला आहे. आई अंधार पडल्यावर येते. तो लिहीत होता नि मी सांगत होते, आणि शेवटी म्हणाला, किती छान बोलतेस गं तू. तिसऱ्या दिवशी मोटार आली. मला सोडलं, माझी हजेरी चांगली होती.

आईला कळलं नाही कुणी सांगितलं ते. त्या बटाटेवाल्या शेतकऱ्याच्या बायकोवर संशय घेतला तिने, मरेपर्यंत त्या बाईला शिव्या घातल्या. घालू दिल्या मी.

काय? हो. हे वाचलंस तू. मला वाटलंच तू यावर येणार. "लेक्सीला लिहिता येतं पण ती लिहीत नाही, तिचा हात दुखतो." कितव्या वर्षाचं ते — शहात्तर. म्हणजे मी अठराची. आणि हे चौऱ्याऐंशी, लेक्सीचा हात अजून दुखतो. अख्ख्या जिल्ह्याला कळवलं तिने माझ्या हाताचं. हसू नको. हां, हस, हसण्यासारखंच आहे. मघाशी म्हणाले लिहिता येत नाही, आता काय उत्तर देऊ तुला? येत होतं. सुंदर अक्षराचं बक्षीस होतं मला, निळी फीत, मिस आर्बकलच्या हातची.

तो बत्तिसावा कागद कुठाय? तू आल्या आल्या म्हणालीस ना, त्याच खोक्यात अजून एक होतं, चुकून पडलेलं, पण यंत्राने बाजूला काढलं, बाकीच्यांशी एक हाड जुळत नाही, सगळं कसं शुद्ध, कुणा मास्तराने नाहीतर पाद्र्याने लिहून दिलेलं असणार. दाखव. — हं. बघ अक्षर कसं आहे. एकही खोडलेलं नाही. "आदरणीय महोदय, माझी कन्या एली केल्बी हिच्याविषयी कृपया माहिती मिळावी." खरं नाव. खरा पत्ता, रासबेरीवाल्या शेतकऱ्याचा. सदुसष्टचा ऑगस्ट. मी नऊ वर्षांची होते. आई सांगत होती नि मी लिहीत होते, ती म्हणाली चरबीचं लिही, मी म्हणाले असं पत्रात लिहीत नाहीत. नाही लिहिलं. बरोबर आहे तुझ्या यंत्राचं, यात माझ्या आईचं एक हाड नाही.

त्या पत्राला उत्तर आलं. आलं ना, बत्तिसांत एकालाच आलं, शुद्ध होतं म्हणून. लांब पाकीट, रासबेरीवाल्याच्या बायकोने आणून दिलं. आई हात पुसत आली, बाप आला, भाऊबंद आले, सगळे खोक्यांवर बसले, आणि वाचणारी मी एकटी. बारा माणसांत मी एकटी. मी मनात वाचलं आधी. कळवण्यास खेद होतो की सदर बालिका गेल्या फेब्रुवारीत छातीच्या विकाराने. संस्थेने दफन केले. तुला ते कळलंय ना आधीच? नोंदवहीतून? वाटलंच, तू एलीचं नाव घेताना आवाज खाली आणत होतीस. मला काही सांगू नको, मला अठ्ठेचाळीस वर्षं ठाऊक आहे.

मी मोठ्याने वाचलं — बालिका सुखरूप आहे. अंगाने भरली आहे. पत्ता देण्याची परवानगी नाही.

आईने चेहरा झाकून घेतला. मग म्हणाली, परत वाच. परत वाचलं. दुसऱ्या दिवशी, परत वाच. कागदावर नाही ते कागदावरून वाचायचं, आणि कालच्यासारखंच, एक शब्द इकडचा तिकडे नको, नाहीतर ती ओळखेल. सात दिवस वाचलं. मिस आर्बकलने एवढं पाठांतर कधी करून घेतलं नाही. आठव्या दिवशी मी ते चुलीत घातलं नि म्हणाले वाऱ्याने गेलं. आईने मारलं नाही. म्हणाली, असू दे, दुसरं लिहू. मी म्हणाले, माझा हात दुखतो. दुसरं लिहिलं असतं तर दुसरं उत्तर आलं असतं, आणि त्यात तेच असतं, आणि ते कुणी दुसऱ्याने वाचलं असतं तर. म्हणून दुखला. अजून दुखतो. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या वहीत, सगळीकडे फुली मारली मी. नवऱ्याला माहीत नाही मला लिहिता येतं ते.

मग तिने स्वतः शिकायला घेतलं. माझ्या पुस्तकावरून. मला अक्षर विचारायची, हे काय गं, नि मी सांगायची नाही, अंग चोरून दुसरीकडे जायची. सांगितलं असतं तर ती शुद्ध लिहायला शिकली असती नि तिला उत्तर आलं असतं. म्हणजे ते बारन नि बेरन नि ब्येर्न, ती जी सगळी हाडं तुझं यंत्र मोजतं — ती माझी आहेत, पोरी. मी मोडलीत ती.

हे शेवटचं परत बघू. नाही, खालची ओळ. "आता पुढच्या वर्षी लिहिणार नाही. लेक्सीच्या हाताला आराम पडो." हे मी आज पहिल्यांदा वाचलं. तिला ठाऊक होतं की काय? की नुसतं हाताचंच म्हणत होती? तुझं यंत्र सांगेल का? नाही ना. शंभरात किती? नाही सांगत. मग काय उपयोग त्याचा. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, एलीला सगळी पोचली असतील ना. मी म्हणाले सगळी पोचली. तर म्हणाली, तू वाचून दाखवायचीस ते मला फार आवडायचं. बस. एवढंच म्हणाली. यातून काय काढायचं ते काढ.

आता तुझ्या कागदाचं. हो म्हटलं तर तिचं नाव लागेल. क्लेमेंटिना केल्बी, पत्रं एकतीस, कधीची ते कधीची. यंत्रात जाईल, जगात कुठेही बसून कुणीही बघेल, तिच्या शब्दांवरून ते यंत्र बाकीच्या अडाण्यांची पत्रं वाचायला शिकेल. चांगलं आहे. खोटं नाही बोलत, चांगलं काम आहे तुझं, पन्नास वर्षं आधी असतं तर बरं झालं असतं, त्या कारकुनाच्या टेबलावर. नाही म्हटलं तर ती परत एकतीस अनोळखी बाया होणार, पाठवणारा अज्ञात. तू सांगितलंस ना तसं, नातेवाइकाने नाही म्हटलं की नाव लावता येत नाही. कळलं मला.

तर ऐक. आयुष्यात एकदा माझ्याकडे कुणीतरी गोड बोलणारं, हातात वही घेऊन आलं होतं, आणि मी खरं सांगितलं. एली गेली. दुसऱ्यांदा खोटं बोलले, तर माझी आई त्यावर पंचेचाळीस वर्षं जगली, दर ऑगस्टला एक लेकरू वाढवत. ती लपली होती. माझ्यासाठी लपली होती, आणि मी तिला तुझ्या हाती देऊ? माझ्या स्वच्छ इंग्रजीत, हात मागे बांधून?

नाही. ही माझी आई नव्हे. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. आमच्यात कुणालाच येत नाही. असं लिही. — रडतेस कशाला, तुझं काय जळलं? तुझं यंत्र शंभरात सहा वेळा नाही म्हणतं ना? मग त्या सहांत घाल मला. दे इकडे ते पेन. हा नाहीचा चौकोन ना? ही घे फुली.

दिवस मावळायच्या आत नीघ, त्या वाटेला दिवे नाहीत. कागद सगळे उचल, एकही इथे राहू देऊ नको, तो बत्तिसावासुद्धा. आणि कप दे इकडे.

— दचकू नको. कप होता, फोडला. तीन वर्षं उशीर झाला, एवढंच. दार ओढून घे जाताना, कुत्रं बाहेर पळतं.